पाणी, अन्न आणि ऊर्जा हे तीन वेगळे प्रश्न म्हणून का सोडवता येत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पाण्याचं, शेतीचं आणि विजेचं खातं वेगवेगळं असताना हे तिन्ही विषय ‘एकमेकांत गुंतलेले’ आहेत असं सारखं का म्हणतात, की ही नुसती परिषदांमधली भाषा आहे? माझ्या मते गुंता अगदी खरा आहे, आणि तो साध्या गुणाकाराने दिसतो.

एक हेक्टर शेताला ५ सेंटीमीटर पाणी द्यायचं म्हणजे ५ लाख लिटर, वजनात ५०० टन. ते १०० मीटर खोलीवरून वर आणायला काहीही वाया न जाता साधारण १३६ युनिट वीज लागते. पंप-मोटर मिळून निम्मी ऊर्जा खात असतील तर २७२. हे झालं एका पाळीचं. पातळी आणखी १०० मीटर खाली गेली की त्याच पिकाला, तेवढ्याच पाण्याला दुप्पट वीज! माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उचलतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, त्यामुळे भूजल खाली जाणं हा विजेचाही प्रश्न आहे.

खताचं तसंच. युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू, तोही इंधन आणि कच्चा माल अशा दोन्ही रूपांत. २०२१-२२ मध्ये युरोपात गॅस भडकला तेव्हा तिथल्या खत कारखान्यांनी उत्पादन कमी केलं. उलट बाजूने, औष्णिक आणि अणुवीज केंद्रांना थंड राहायला पाणी लागतं. २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नद्या इतक्या तापल्या की काही अणुभट्ट्यांची वीजनिर्मिती कमी करावी लागली.

पण मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते किरगिझस्तानातल्या तोक्तोगुल धरणाचं. ते नरीन नदीवर आहे, आणि हीच नदी पुढे उझबेकिस्तान-कझाकस्तानातून वाहणाऱ्या सिरदर्या नदीला पाणी पुरवते. खालच्या उझबेकिस्तान आणि कझाकस्तानला पाणी हवं असतं उन्हाळ्यात, कापूस आणि इतर पिकांसाठी. वर डोंगरातल्या किरगिझस्तानला वीज हवी असते हिवाळ्यात, घरं गरम ठेवायला. सोव्हिएत काळात सौदा सरळ होता: धरण उन्हाळ्यात पाणी सोडायचं, आणि हिवाळ्यात खालून कोळसा आणि गॅस वर यायचा. १९९१ मध्ये देश वेगळे झाले, इंधन बाजारभावाने विकत घ्यायची वेळ आली. मग किरगिझस्तानने हिवाळ्यात पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली. परिणाम असा की खालच्या भागात थंडीत पूर आणि उन्हाळ्यात पिकांना टंचाई. नदी तीच, धरण तेच. तुटली ती फक्त पाण्याच्या बदल्यात इंधन देण्याची व्यवस्था. १९९८ मध्ये करार करून ती पुन्हा जोडायचा प्रयत्न झाला, पण तो नीट टिकला नाही.

या सगळ्यावर ‘सौरपंप लावा’ असं लगेच सुचवलं जातं. मी सौरपंपांच्या बाजूने आहे. डिझेल वाचतं, रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला जावं लागत नाही. पण एकदा पंप बसला की पुढच्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला खर्च जवळपास शून्य. मग पंप थांबवायचं कारण काय? जिथे भूजल आधीच खाली गेलंय तिथे ही स्वस्त ऊर्जा उरलेलं पाणीही उपसून काढू शकते. ठिबकनेही पाणी आपोआप वाचतं असं नाही; वाचलेल्या पाण्यावर आणखी जमीन भिजवली तर एकूण उपसा तेवढाच राहतो.

म्हणून सौरपंप देतानाच उरलेली वीज ग्रिडला योग्य दराने विकायची सोय हवी, असं माझं ठाम मत आहे. तसं असेल तर पीक भिजल्यावर मोटर बंद करण्यात शेतकऱ्याला पैसे मिळतात, आणि पाणी जमिनीत राहतं.