जपानमधली बेसबॉलची मैदानं अमेरिकेपेक्षा लहान असतात का? मग जपानी लीगमधला बॅटर सादाहारू ओच्या 868 होमरनना (होमरन म्हणजे भिंतीपलीकडे मारलेला फटका, क्रिकेटच्या सिक्सरसारखा) कितपत किंमत द्यायची?

हा प्रश्न आमच्या साडूंनीच टोपणनावाने टाकला की काय, अशी आधी शंका आली. शब्द न् शब्द त्यांचा आहे.

साडू न्यू जर्सीत राहतात आणि न्यू यॉर्कच्या यांकीज संघाचे कट्टर भक्त. मी कोबेत नोकरीला असताना ते सहकुटुंब आले होते. मोठ्या हौसेने त्यांना कोशिएन स्टेडियमला तिथल्या हानशिन टायगर्स संघाची मॅच दाखवायला नेलं. राइट फील्डची (बॅटरच्या उजवीकडच्या भिंतीमागची) तिकिटं, म्हणजे ऐन टायगर्सच्या गोंगाटात. पाठीवर बिअरची टाकी बांधून वर-खाली पळणाऱ्या मुली, पिवळे टी-शर्ट, ढोल. साडूंचं लक्ष मात्र फाउल पोलजवळच्या, म्हणजे बाजूची रेषा भिंतीला मिळते तिथल्या खांबाजवळच्या, 95 (मीटर) या आकड्यावर. फोन काढून हिशेब केला आणि म्हणाले, "तीनशे अकरा फूट! आमच्याकडे शाळेतल्या पोरांना देतात असलं ग्राउंड." मराठीत म्हणाले म्हणून बरं, नाहीतर शेजारच्या आजोबांनी प्लॅस्टिकची बॅट घातली असती डोक्यात.

थोड्या वेळाने एका डावखुऱ्याने आमच्याच दिशेने उंच मारला. साडू उभे राहून "गेला, गेला!" करतायत, आणि बॉल हवेत थबकल्यासारखा होऊन फील्डरच्या हातात. कोशिएन समुद्राजवळ आहे. तिथला 'हामाकाझे' वारा राइटकडून लेफ्टकडे वाहतो आणि डावखुऱ्यांचे कित्येक होमरन गिळतो. साडू खाली बसले आणि म्हणाले, "नीट लागलाच नव्हता."

पुढे न्यू यॉर्कला जाणं झालं. यांकी स्टेडियमच्या राइट फील्डच्या भिंतीवर ठळक लिहिलंय: 314. म्हणजे 95.7 मीटर. कोशिएनपेक्षा 70 सेंटिमीटर जास्त! एवढ्यावर वर्षानुवर्षं आम्हाला ऐकवत होते. पोलपासून आत सरकलं तर राइट-सेंटरला, म्हणजे पोल आणि सरळ समोरचा भाग यांच्या मधे, यांकी स्टेडियम 385 फूट आणि कोशिएन 118 मीटर, म्हणजे 387 फूट. भिंतीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त '95.7'. साडूंनी त्यावर गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे 1 जून 1958 नंतर बांधलेल्या मैदानात पोलपर्यंत किमान 325 फूट (99 मीटर) आणि सेंटरला, म्हणजे सरळ समोर, 400 फूट हवेत. 400 फूट म्हणजे 122 मीटर. तोक्यो डोम (1988), फुकुओकाचा डोम (1993), ओसाका आणि नागोयाचे डोम (1997), सगळीकडे पोलला 100 आणि सेंटरला 122. नागोयाची भिंत तर 2025 पर्यंत 4.8 मीटर उंच होती, पिचर (बॉल टाकणाऱ्या) लोकांचं माहेरच होतं ते. उलट सॅन फ्रान्सिस्कोचं 2000 सालचं मैदान राइटला 309 फूट, यांकीजचं 2009 सालचं 314. बॉस्टनच्या फेनवेला 302, पण ते 1912 सालचं, त्याला माफ. नियम अमेरिकेचा, पाळतात जपानी.

 

राहिला ओ. त्याचं घरचं मैदान कोराकुएन खरंच लहान होतं. पाटीवर 90 मीटर, प्रत्यक्षात 88च्या आसपास. पण त्याच्या जायंट्स संघातले बाकीचे काय दुसऱ्या मैदानात खेळत होते? शिगेओ नागाशिमासारखा माणूस त्याच संघात, त्याच मैदानात कारकीर्द काढून 444 वर थांबला. लहान मैदानाने 868 होत असते तर रांग लागली असती. ज्यांनी ओचा एक पाय उचललेला स्टान्स व्हिडिओवरसुद्धा पाहिलेला नाही त्यांनी त्याच्या होमरनची किंमत ठरवू नये.

आणि वाद घालायचाच असेल तर पोलजवळच्या आकड्यावर कधीच घालू नका. लेफ्ट-सेंटर आणि राइट-सेंटर विचारा, होमरन तिथे ठरतात. तिथे तोक्यो डोम खरंच तोकडा आहे, 110 मीटर. योकोहामा तर पोललाही 94 आणि सेंटरला 118च. हे मी नाकारत नाही.

डेन्व्हरच्या कूर्स फील्डला सेंटर 415 फूट, म्हणजे 126.5 मीटर आहे. जपानी लीगच्या कुठल्याही संघाचं घरचं मैदान एवढं लांब नाही. पण डेन्व्हर दीड किलोमीटर उंचीवर, हवा विरळ, बॉल जास्त उडतो म्हणून तसं बांधलंय, त्यामुळे ते तुलनेत धरू नये असं माझं मत. साडूंना हे अजून सुचलेलं नाही, तुम्हीही सुचवू नका.