साखरेविना कोको: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टरांच्या सल्ल्याने मी साखर बंद केली आहे. बिनसाखरेची कोको पूड आणून गरम दुधात घातली, तर ती वर तरंगत राहते, पेय कडू लागते आणि प्यायल्यावर जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. साखर न घालता या पेयाला चव कशी आणावी?

उत्तर: आपण सांगितलेल्या तक्रारी तीन आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत, आजवर साखर या तिन्हींवर पांघरूण घालत होती, एवढेच. कोकोचा कडूपणा थिओब्रोमीन हा कोकोतलाच कॅफीनसारखा पदार्थ, थोडेसे कॅफीन आणि बिया भाजताना तयार होणारी काही संयुगे यांच्यामुळे येतो. जीभ कोरडी पडते तो मात्र कडूपणा नव्हे, तुरटपणा आहे: कोकोतील पॉलिफिनॉल ही वनस्पतिजन्य संयुगे लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा नाहीसा होतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की गोडीला पर्याय शोधण्याआधी कडू आणि तुरट चव खाली आणावी आणि सुगंधाचा विचार त्यानंतर करावा.

सुरुवात पूड भिजवण्यापासून करू. कोकोत बहुधा १० ते १२ टक्के, तर काही प्रकारांत २० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, त्यामुळे ती पातळ द्रवात सहजासहजी मिसळत नाही. कोरड्या कपात दोन लहान चमचे पूड घ्यावी, तीवर दोन-तीन चमचे उकळते पाणी घालून चकचकीत लगदा होईपर्यंत घोटावे, दोन मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग गरम दूध थोडे थोडे घालत ढवळावे. गुठळ्या तर होत नाहीतच, शिवाय पुडीतला स्टार्च फुगून पेयाला अंग येते आणि कोकोचा दबलेला वास मोकळा होतो.

तुरटपणावर दूध हाच उत्तम उपाय आहे, कारण दुधातले केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलना स्वतःशी बांधून घेते आणि स्निग्धांश जिभेवर पातळ थर धरतो. साय काढलेल्या दुधापेक्षा सायीच्या दुधातला कोको सौम्य लागतो तो यामुळेच. दुधाची स्वतःची गोडीही असते. २०० मिलिलिटर दुधात साधारण ९ ते १० ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असते. त्याची गोडी साखरेच्या सहाव्या हिश्शाइतकीच, त्यामुळे कडूपणापुढे ती जाणवत नाही.

येथे मीठ कामाला येते. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सोडियमचा क्षार कडूपणा दाबतो आणि कडूपणाखाली दडलेली गोडी त्यामुळे वर येते. त्यांनी प्रयोगासाठी कोको वापरला नव्हता, परंतु कपभर कोकोत चिमटीपेक्षाही कमी मीठ टाकून पाहिले, तर तोच परिणाम कोणालाही जाणवेल. खारट चव लागली तर मीठ जास्त झाले असे समजावे. मीठ कमी खाण्याचा सल्ला असलेल्यांनी हा उपाय सोडून द्यावा.

पूड विकत घेतानाही वेष्टन नीट वाचावे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा साखरच अधिक असते. शुद्ध कोकोचे दोन प्रकार आहेत: नैसर्गिक कोको आम्लधर्मी आणि चवीला तीव्र असतो, तर ‘डच प्रोसेस्ड’ कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असल्याने तो गडद आणि सौम्य लागतो. या प्रक्रियेत पॉलिफिनॉल बरेच कमी होतात; त्यांच्या गुणांसाठीच कोणी कोको पीत असेल तर नैसर्गिक प्रकार घ्यावा, परंतु साखर नुकतीच सोडलेल्या माणसाला मी आरंभी डच प्रकारच सुचवीन.

प्रश्न: मी दालचिनीची पूड आणि व्हॅनिला इसेन्स दोन्ही घालून पाहिले. दालचिनी वर तरंगते आणि तळाशी बुळबुळीत चोथा साचतो. व्हॅनिलाचा तर वासच येत नाही. चूक कोठे होते?

उत्तर: चूक वेळेची आहे. अख्खे मसाले आधी आणि सुवासिक अर्क शेवटी, हा क्रम पाळावा. दालचिनीची पूड द्रवात पूर्ण विरघळत नाही, उलट पाणी शोषून चिकट होते. त्याऐवजी तिचा बोटभर तुकडा दुधात मंद आचेवर सात-आठ मिनिटे ठेवून काढून टाकावा. ठेचलेली वेलची किंवा आल्याची सुकी चकतीही याच पद्धतीने वापरता येते. व्हॅनिलाचा सुगंध उडून जाणारा असल्याने अर्क भांडे उतरवल्यावर घालावा. खरी शेंग मिळाली तर ती उभी चिरून दुधातच मुरू द्यावी. व्हॅनिलामध्ये साखर नसते, परंतु तिचा वास आपण जन्मभर गोड पदार्थांबरोबरच घेतलेला असतो, त्यामुळे वास येताच पेय गोड असल्याचा भास होतो. बिनसाखरेच्या पेयाला हा भास फार मोलाचा आहे.

संत्र्याची साल वापरायची तर फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्यावा, कारण आतला पांढरा भाग कडू असतो आणि आपण तर कडूपणा कमी करायला निघालो आहोत. जायफळ एका कपाला चाकूच्या टोकावर राहील इतकेच पुरे. रोज पिणाऱ्यांनी दालचिनीचा प्रकारही पाहावा: जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत कुमारिन हे सुवासिक संयुग बरेच असते आणि ते दीर्घकाळ जास्त पोटात गेल्यास यकृताला त्रास देऊ शकते, पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी याबाबत सुरक्षित आहे.

प्रश्न: साखरेऐवजी मध, खजूर किंवा स्टीव्हिया घातले तर चालेल का?

उत्तर: मध नको. जागतिक आरोग्य संघटना ज्या ‘मुक्त शर्करा’ मर्यादेत ठेवायला सांगते, त्यांत मध, सरबतांचे पाक आणि फळांचे रसही येतात. अख्खा खजूर वाटून घातल्यास त्यातला तंतू पोटात जातो हे खरे, परंतु त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी तो मोजूनच घ्यावा. स्टीव्हिया या वनस्पतीच्या पानांचे अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात, मात्र मागे रेंगाळणारी त्यांची किंचित कडू चव कोकोच्या कडूपणात भर घालते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये, असे याच संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. माझे मत विचाराल तर साखर एकदम न तोडता दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. मी स्वतः याच मार्गाने साखर सोडली आणि दुसऱ्या महिन्यात पूर्वीचा कोको मला पिववेना, इतका तो गोड वाटू लागला.

प्रश्न: हेच पेय थंड करून घेतले तर अगदी बेचव लागते. का?

उत्तर: थंडाव्यात जिभेला गोडी कमी जाणवते आणि सुगंधही कमी उडतो, म्हणून दुधाची ती हलकी गोडी थंड कपात जवळजवळ लोपते. थंड पेयासाठी व्हॅनिला आणि मसाले दीडपट घ्यावेत, मीठ मात्र वाढवू नये. कोको गरम पाण्यातच घोटावा, थंड दुधात थेट टाकू नये. मसाल्याचे दूध गाळून त्यात मिसळावे आणि झाकण लावून तीन-चार तास शीतकपाटात ठेवावे. पूड तळाशी बसतेच, त्यामुळे पेल्यात ओतण्यापूर्वी बाटली जोरात हलवावी; वर जो फेस येतो तो विरू न देता लगेच प्यावे, कारण सुगंध त्या फेसातच अधिक असतो.