ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र टाकलं की डाग पटकन निघतात, पण खोकला येतो, डोळे चुरचुरतात. असं वापरलेलं चालतं का?

नाही, अजिबात नाही. खोकला येतो, डोळे चुरचुरतात असं तुम्ही लिहिलंय. ब्लीचचा वास उग्र असतोच म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नका, तो क्लोरीन वायू आहे.

टॉयलेटचे डाग काढणाऱ्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की लगेच क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असल्याने खालीच साठतो, म्हणजे कमोडवर वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडाशी. आणि पिवळे डाग निघतात ते आम्लामुळे. ब्लीचमधला क्लोरीन हवेत उडून गेला की जंतू मारायला फारसं काही उरत नाही. म्हणजे या मिश्रणाने स्वच्छताही धड होत नाही.

दोन्ही लागतच असतील तर वेगवेगळ्या दिवशी वापरा आणि मधे भरपूर पाणी सोडा. ब्रशच्या भांड्याच्या तळाशी कालचं ब्लीचचं पाणी साचलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तेही ओतून, धुऊन घ्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर घातलं तरी क्लोरीनच सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन तयार होतं, तेही फुफ्फुसांना घातकच.

स्प्रेबद्दलही सांगायला हवं, कारण त्याचे बारीक थेंब श्वासाबरोबर खोल जातात. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक लोकांची सुमारे २० वर्षांची माहिती तपासली. साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटल्याचं त्यांनी २०१८ मध्ये मांडलं. म्हणून स्प्रे हवेत न मारता फडक्यावर घ्या आणि मग पुसा. दमा असेल तर स्प्रे टाळलेलाच बरा.

पुन्हा कधी चुकून मिसळलं, तर सगळं तसंच टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत या. पाणी ओतायला आत थांबू नका. डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं धुवा. क्लोरीनचा त्रास काही वेळा काही तासांनी वाढतो. तेव्हा छाती भरून आली, धाप लागली तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही बाटल्यांवर काय लिहिलंय त्याचा फोटो दाखवा.