प्लांक लांबी म्हणजे विश्वाचा पिक्सेल का?

तुम्ही विचारलंय, 'प्लांक लांबीपेक्षा लहान काहीच नसतं, म्हणजे अवकाश पिक्सेलचं बनलंय हे सिद्ध झालं का?' नाही, सिद्ध झालेलं नाही. ही लांबी कुणी मोजलेली नाही, ती आकडेमोडीतून येते.

१८९९ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांच्या लक्षात आलं की प्रकाशवेग, गुरुत्व स्थिरांक आणि आज ज्याला आपण प्लांक स्थिरांक म्हणतो तो (अणूंच्या सूक्ष्म जगाच्या नियमांतला मूलभूत आकडा), या तिघांतून एक लांबी, एक काळ आणि एक वस्तुमान तयार होतं. मीटर आणि किलोग्रॅम माणसाने सोयीसाठी ठरवले. ही एककं परग्रहावरच्या जीवांनाही तीच मिळतील, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. मला हा विचार आजही थक्क करतो. पण 'सर्वांत लहान' असा दावा त्यात नव्हता. ही लांबी, म्हणजेच प्लांक लांबी, येते सुमारे १.६ × १० चा −३५ वा घात मीटर. वस्तुमान मात्र २२ मायक्रोग्रॅम! प्रोटॉनपेक्षा ते प्रचंड मोठं आहे. म्हणून प्लांक एकक म्हटलं की ते सर्वांत लहानच, हे समीकरण मुळातच चुकतं.

मग मर्यादेची गोष्ट आली कुठून? जितकं बारीक पाहायचं, तितकी कमी तरंगलांबी लागते. तरंगलांबी निम्मी केली की फोटॉनची ऊर्जा दुप्पट होते, आणि ऊर्जेलाही गुरुत्व असतं. प्लांक लांबीच्या आसपास एवढ्याशा जागेत इतकी ऊर्जा कोंबली जाते की तिथे कृष्णविवरच तयार व्हावं. आणखी ऊर्जा ओतली तर ते मोठं होईल, तपशील काही दिसणार नाही. यातून निघतं ते इतकंच की त्याखाली मोजता येणार नाही. तिथे काही नाहीच, असं त्यातून निघत नाही. शिवाय या युक्तिवादात पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स, सूक्ष्म जगाचे नियम) आणि सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत) नेमक्या अशा ठिकाणी एकत्र वापरल्या आहेत, जिथे दोन्हींवर एकदम भरवसा ठेवता येत नाही. प्रयोग तर फार दूर आहे: सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या कण-आदळयंत्रात होणाऱ्या टकरींची ऊर्जा प्लांक ऊर्जेच्या (प्लांक वस्तुमानाइतक्या ऊर्जेच्या) जवळजवळ एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने कमी पडते.

अवकाश तुटक असावं असं सांगणारे सिद्धांत आहेत. शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांनी १९८६ साली सापेक्षतेची समीकरणं नव्या चलांत मांडली, आणि त्यांवर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा गुरुत्वाचा पुंज-सिद्धांत उभा राहिला. त्यात क्षेत्रफळ ठरावीक टप्प्यांनीच बदलतं. पण चौकटीच्या वहीसारखी जाळी तिथेही नाही, आणि प्रयोगाचा दुजोरा अजून मिळालेला नाही.

एक निरीक्षण मात्र जरूर वाचा. मे २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करून आलेल्या गॅमा किरणांच्या स्फोटात ३१ जीईव्ही (३१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा एक फोटॉन टिपला. अवकाशाच्या कणीदारपणामुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश ऊर्जेच्या सरळ प्रमाणात मागे पडत असता, तर तो ठळकपणे उशिरा यायला हवा होता. पण स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदाच्या आतच तो पोचला. तुटकपणाच्या सगळ्या कल्पना यामुळे बाद होत नाहीत. प्लांक लांबीइतक्या कणीमुळे प्रकाश असा रेंगाळतो, ही साधी कल्पना मात्र फार अडचणीत येते.