मॉरिशसला निघण्याआधी औषधांचा डबा उघडून बघा

सुट्टीची तिकिटं निघाली की डॉक्टर म्हणून मला मॉरिशसबद्दलची पत्रं यायला लागतात आणि शंका दरवर्षी त्याच असतात: लस, गोळ्या, वादळ, विमा. फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या तिथे नांदल्या आहेत. त्यामुळे माणसं निर्धास्त होतात. पण कायदा तिथला चालतो, आणि समुद्रही तिथला आहे.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्यावी लागते का?

मुंबईहून थेट विमानाने जाणार असाल तर नाही. नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट काढलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण केनिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथे किती तास थांबणार, विमानतळाबाहेर पडणार का, यावर बरंच ठरतं, आणि परत आल्यावर भारतातही विचारणा होऊ शकते. लसीचं प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. तिकीट काढण्याआधीच सरकारी लसीकरण केंद्रात विचारा. साठी ओलांडलेल्यांनी ही लस घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

मलेरियाच्या गोळ्या?

नकोत. तिथे डेंगी आणि चिकुनगुनियाचे डास आहेत आणि ते दिवसा चावतात. अंगभर कपडे घाला, डास पळवणारं मलम लावा. ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आईला झोपेची आणि कंबरदुखीची गोळी रोज लागते. एजंट म्हणतो, कुणी तपासत नाही, पर्समध्ये टाका. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. एजंट तुमच्या आईबरोबर कस्टमच्या टेबलापुढे उभा राहणार नाही.

मॉरिशसमध्ये मनःशांतीची औषधं, झोपेच्या गोळ्या, अफूवर्गातली औषधं आणि तीव्र वेदनाशामकं नेण्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते. अमली पदार्थांबाबत तिथला कायदा फार कडक आहे. अडचण अशी की आपल्याकडे ही औषधं भलत्याच नावाने घरात असतात. आई ‘कंबरेची गोळी’ म्हणते, त्यात पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल निघतं, म्हणजे अफूवर्गातलं वेदनाशामक. ‘पोटाची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या कॅप्सूलमध्ये क्लोरडायझेपॉक्साइड असतं, म्हणजे मनःशांतीचं औषध. डिप्रेशनच्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम मिसळलेलं असतं, तेही मनःशांतीचंच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूवर्गातलं. घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

त्यात आपली कापून विकायची पद्धत. केमिस्ट दहाच्या पाकिटातून सहा गोळ्या कापून देतो आणि आपल्या हाती आलेल्या तुकड्यावर नावातलं शेवटचं ‘झेपाम’ तेवढं शिल्लक राहतं. कंपनी नाही, मात्रा नाही, मुदत नाही. असे चार-पाच तुकडे रबरबँडने बांधून डब्यात ठेवलेले मी दवाखान्यात रोज पाहतो. परदेशातल्या अधिकाऱ्याने त्यावरून काय ओळखावं?

तेव्हा आज डबा टेबलावर उपडा करा. प्रत्येक औषधाचा रासायनिक घटक वाचा. ब्रँडचं नाव परदेशात कामाचं नाही. पूर्ण, न कापलेली पाकिटं बिलासह घ्या. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या: पासपोर्टवरचं नाव, आजार, घटक, मात्रा, किती दिवसांच्या गोळ्या. त्याची प्रत मुंबईतल्या मॉरिशसच्या वाणिज्य दूतावासाला किंवा दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाला पाठवून परवानगी कशी काढायची ते लेखी विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे काम तिकिटाबरोबरच सुरू करायचं, बॅग भरताना नव्हे. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. शेजाऱ्यांच्या मुलाला द्यायचं म्हणून कुणी पुडकं दिलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आणि कृपा करून भीतीपोटी गोळी एकदम बंद करू नका. झोपेची किंवा मनःशांतीची औषधं अचानक तोडली तर झटकेही येऊ शकतात. पर्यायी औषध चालेल का, हे निघण्याच्या निदान दीड महिना आधी डॉक्टरांना विचारा.

पॅकेजमध्ये ‘समुद्राखाली चालणं’ फुकट आहे. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणतात. मुलाला दमा आहे.

पोहता येण्याचा इथे संबंध नाही. हवेच्या दाबाचा आहे. डोक्यावर हेल्मेट असलं तरी तीन-चार मीटर खाली कान आणि फुफ्फुसांवर दाब बदलतोच. दमा, सर्दी, कानाचं ऑपरेशन, फिट्स, हृदयविकार यांपैकी काहीही असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू देऊ नका. बोटीवर सहीसाठी जो फॉर्म पुढे करतात त्यात हेच आजार विचारलेले असतात, आणि ‘सगळीकडे नाही लिहा’ असं सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. स्कूबा केलं असेल तर पुढचे 18 ते 24 तास विमानात बसू नका. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्हिंग आणि रात्री विमान अशी आखणी दिसली तर बदलून घ्या.

जानेवारीत निम्म्या दरात मिळतंय. घेऊ का?

दर का उतरलाय ते आधी समजून घ्या. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेपर्यंत, जोर जानेवारी ते मार्च. 15 जानेवारी 2024 ला ‘बेलाल’ वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. वादळाचा इशारा चारपैकी तिसऱ्या वर्गाचा झाला की हॉटेलबाहेर पडायचं नाही, ‘लाटा बघून येऊ’ म्हणायचं नाही. विमान रद्द झालं तर जादा रात्रींचं भाडं कोण भरणार, हे एजंटकडून लेखी घ्या. रोजची औषधं आठवडाभर जास्त न्या. जून ते ऑक्टोबर जमत असेल तर तेव्हाच जा.

कुठल्याही किनाऱ्यावर उतरता येतं का?

नाही. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी संथ असतं. दक्षिणेला ग्री-ग्रीला ती भिंत तुटलेली आहे. तिथे कड्यावरून समुद्र बघा, पाण्यात पाऊल टाकू नका. इतरत्र जाड तळाचे बूट घालूनच उतरा, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी निपचित पडलेला असतो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि 114 वर रुग्णवाहिका बोलवा.

तिकिटाबरोबर विमा आपोआप आला आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे.

मग तो विमा बहुधा त्यांच्या कामाचा नाही. अशा स्वस्त पॉलिसींत आधीपासूनचे आजार अनेकदा वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. विमा कंपनीला अँजिओप्लास्टीची तारीख कळवा, लेखी होकार घ्या. आणि हृदयरोगतज्ज्ञांनी प्रवासाला हरकत नाही असं लिहून दिल्याशिवाय निघू नका.

तिथल्या नातेवाइकांसाठी कढीपत्ता, आंबे, तुळशीचं रोप?

परवान्याशिवाय नाही. रोपं, बिया, ताजी फळं-भाजी काहीच नाही. घरचा मसाला न्यायचा असेल तर आधी दूतावासात विचारा आणि उतरल्यावर फॉर्ममध्ये लिहा.