आधी क्रू, मग गनर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नगरला रणगाड्यांवर शिकवणारा उस्ताद म्हणून नेमणूक झाली हे वाचून मनापासून आनंद झाला. आठवडे मोजके, येणारी पोरं नवखी, मग आधी काय शिकवायचं आणि कात्री कशाला लावायची, असं तू विचारलंयस. हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, फोर्ट नॉक्सच्या छावणीत, तुझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्यांनी काढलेली वाट मी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे आणि ती तुझ्या उपयोगाची आहे असं माझं ठाम मत आहे. शिवाय ते ज्या शर्मन रणगाड्यांवर शिकवत, तेच शर्मन घेऊन आपली डेक्कन हॉर्स रेजिमेंट १९६५ च्या पाकिस्तान युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला लढली. तेव्हा ही गोष्ट अगदीच परकी समजू नकोस.

१० जुलै १९४० रोजी अमेरिकेने आर्मर्ड फोर्स, म्हणजे रणगाडा दल, उभी केली. फ्रान्स नुकताच कोसळला होता. प्रमुखपदी आला अॅडना चॅफी, मूळचा घोडदळातला माणूस. वर्षभरातच, १९४१ च्या ऑगस्टमध्ये तो कॅन्सरने गेला आणि धुरा जेकब डेव्हर्सकडे आली. त्या काळात रणगाड्यांची इतकी चणचण होती की युद्धसरावात ट्रकला 'टँक' अशी पाटी लावून पळवत. लोक हे हसत हसत सांगतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. यंत्र हातात येईपर्यंत ते खोळंबले नाहीत. तुझी गाडी वर्कशॉपला गेली असेल त्या दिवशी पोरांना बराकीत पाठवू नकोस. मैदानावर चुन्याने जागा आखून घे, प्रत्येकाला आपापल्या जागी बसव आणि हुकूम सोड.

शर्मनमध्ये पाच जणांचा क्रू असे: कमांडर, तोफ डागणारा गनर, गोळा भरणारा लोडर, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी मशीनगन सांभाळणारा मदतनीस. यातला कुणीच घरून टँक शिकून आला नव्हता. कुणी शेतात ट्रॅक्टर चालवलेला, कुणी दुकानात हिशेब लिहिणारा. त्यांना पहिल्यांदा तोफ दाखवून खूश करण्यापेक्षा इंजिनाशी झटायला लावत. सुरुवातीच्या शर्मनचं इंजिन मुळात विमानाचं, नऊ सिलिंडर गोल मांडलेले. गाडी थोडा वेळ उभी राहिली की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचायचं. तसाच स्टार्टर मारला तर तेल दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन बाद. म्हणून मागच्या बाजूने हँडल घालून इंजिन हाताने बऱ्याच वेळा फिरवायचं, मगच स्टार्टर. पहाटेच्या थंडीत हे काम जीव काढणारं, आणि एकट्या ड्रायव्हरला झेपणारं नव्हतं. आळीपाळीने सगळ्यांनी हात लावायचा. क्रू घडायला इथून सुरुवात होते. गाडीची देखभाल हे 'ड्रायव्हरचं काम' आहे असं तुझ्या वर्गात कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव.

आता गनरीचं सांगतो, कारण तुझा जीव त्यात अडकलाय हे मला माहीत आहे.

लोडरच्या हाताकडे बघ. पंचाहत्तर मिलिमीटरचा गोळा काडतुसासकट साधारण नऊ किलोचा. तो आत ढकलताना शेवटचा रेटा बंद मुठीने द्यायचा, बोटं पसरून नाही. गोळा जागेवर बसताक्षणी तोफेचा ब्रीच, म्हणजे मागचं तोंड, आपोआप बंद होतो आणि पुढे राहिलेली बोटं त्याला दिसत नाहीत. तोफ भरली की लोडर ओरडणार, "अप!" ते ऐकल्याशिवाय गनर पायाखालचं बटण दाबणार नाही. एवढी एक हालचाल थांबलेल्या गाडीत, रिकाम्या तोफेवर, नकली गोळा घेऊन पुन्हा पुन्हा करून घेत. चालत्या गाडीत, झडप बंद असताना, धुरात आणि आवाजात मेंदू काम करेनासा होतो. तेव्हा मुठीला आठवायला हवं.

हुकमाचा क्रमही ठरलेला. आधी कुणाला, मग कुठला गोळा, बुरूज (तोफेचा फिरता भाग) कुठल्या बाजूला, "स्टेडी" (आता हळू), "ऑन" (थांब), मग अंतर आणि शेवटी "फायर". हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. गोळ्याचं नाव ऐकताच लोडरचा हात रॅककडे जातो, तोवर गनर बुरूज फिरवत असतो, अंतर कळेपर्यंत तोफ भरलेली असते. एका वाक्यात तिघांची कामं एकाच वेळी चालू होतात. कमांडरने शब्द मागेपुढे केले तर कुणीतरी एक जण हात बांधून बसून राहतो.

अंतर मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. दुर्बिणीत मिलच्या रेघा असत; मिल म्हणजे कोन मोजायचं छोटं माप. हजार यार्डांवरची एक यार्ड रुंदीची वस्तू एक मिल भरते. शत्रूचा टँक साधारण तीन यार्ड रुंद, म्हणजे तो तीन मिल दिसला तर हजार यार्डांवर आहे, दीड मिल दिसला तर दोन हजारांवर. तुझ्याकडे अंतर मोजणारा लेझर आहे. तरी हा हिशेब शिकव. लेझर बिघडतो, आणि ज्याने डोळ्याने अंतर ओळखायची सवय केलेली नाही त्याला लेझरने चुकीचा आकडा दाखवला तरी संशय येत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचं काम शिकवत. गनर ड्रायव्हरच्या जागी, ड्रायव्हर लोडरच्या जागी. जखमी माणसाला वरच्या झडपेतून बाहेर काढण्याचीही कवायत होती, आणि ती अंग दुखेपर्यंत करून घेत. तुझ्या गाडीत तिघंच आहेत, लोडरचं काम यंत्र करतं, म्हणून हे सोपं झालं असं समजू नकोस. तिघांतला एक गेला तर तिसरा हिस्सा गेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या लढाईच्या सुमारास, शिकलेले क्रू कमी पडले तेव्हा पायदळासाठी आलेली पोरं जुजबी शिकवून टँकमध्ये बसवली गेली. काही गाड्या अपुऱ्या माणसांनिशी पुढे गेल्या. त्या पोरांच्या धैर्यात काही कमी नव्हतं. त्यांना एकमेकांचा आवाजसुद्धा ओळखीचा नव्हता. म्हणून कात्री लावायचीच असेल तर फळ्यावरच्या तासांना लाव, क्रूच्या एकत्र तासांना कधीच नको.

उन्हाचंही बघ. फोर्ट नॉक्सला १९४२ मध्ये खास वैद्यकीय प्रयोगशाळा निघाली. तापवलेल्या खोल्यांमध्ये सैनिकांना चालवून त्यांचं तापमान, घाम, नाडी मोजत. माणसाला कमी पाण्याची सवय लावता येते असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. तो खोटा ठरला. उन्हाची सवय होते, रोज थोडं थोडं काम वाढवलं तर साधारण आठवड्यात होते. तहानेची होत नाही. नगरच्या मे महिन्यात, बंद गाडीत, कुणी 'पाणी न मागणारा तो खरा जवान' असं म्हणू लागला तर त्याचं ऐकू नकोस. त्याच छावणीत टँकवाहू जहाजाच्या पोटाइतकी एक इमारत बांधून, आत टँकची इंजिनं चालू ठेवून, धूर बाहेर कसा काढायचा हे तपासलं गेलं. समुद्र तिथून शेकडो मैल लांब, पण माणसं जहाजात गुदमरण्याआधी उत्तर सापडायला हवं होतं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला आजही चीड येते. ७६१ वी टँक बटालियन १ एप्रिल १९४२ ला लुइझियानातल्या कॅम्प क्लेबॉर्नला उभी राहिली, पुढे टेक्सासच्या कॅम्प हूडला गेली. शिपाई कृष्णवर्णीय. इतर बटालियन लढायला निघून जात असताना यांना दोन वर्षांहून जास्त काळ सरावातच ठेवलं. त्यांचा एक लेफ्टनंट जॅकी रॉबिन्सन, पुढे बेसबॉलमध्ये जगभर गाजलेला. ६ जुलै १९४४ ला छावणीच्या बसमध्ये त्याला मागे जाऊन बस म्हणून सांगितलं. तो हलला नाही. कोर्ट मार्शल झालं, २ ऑगस्टला निर्दोष सुटला, पण बटालियन त्याच्याविना फ्रान्सला गेली. तिथे सार्जंट रूबेन रिव्हर्सचा टँक सुरुंगावर गेला, मांडी फाटली, तरी तो मागे जायला तयार झाला नाही आणि तीन दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, लढता लढता गेला. त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते १९९७ मध्ये. रेंजवर ज्याच्याकडून तू जीव ओतून काम करून घेतोस, त्याला मेसमध्ये, रजेच्या अर्जापाशी, वाहनात कुणी कसं वागवतं याकडेही उस्तादाचं लक्ष हवं. ते 'माझ्या खात्यातलं नाही' असं म्हणू नकोस.

पहिल्या फायरिंगनंतर निकालाचा तक्ता मला पाठव. त्यात गुणांबरोबर कोण कुठल्या जागेवर बसला होता तेही लिही, आणि अदलाबदल करून दुसऱ्यांदा फायर केलं तेव्हा वेळ किती वाढला तेही. महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा घे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून आपण बोलू.

तुझा,
काका