आईवडिलांचं बीपी-शुगर मोबाइलवर लांबून बघता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावी, तुम्ही पुण्यात, दोघांनाही गोळ्या चालू. ॲपवर त्यांची तब्येत रोज बघता येईल का, आणि कुठलं ॲप घ्यावं?

बघता येते. मी साडेतीन वर्षं बघतोय. पण कुठलं ॲप हे सगळ्यात शेवटी ठरवा. मोजणार कशानं, आकडा वाचणार कोण आणि वाचून फोन करणार कुणाला, हे ठरलेलं नसेल तर ॲप म्हणजे नुसती वही, तीसुद्धा चार्जिंग लागणारी.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. त्यामुळं आकडा दिसला की तो कशानं मोजला हे विचारायची खोड लागलीय. आमचं गाव जांबोटीच्या पुढं. आईला बारा वर्षांची शुगर, बीपी पण आहे. आप्पांना शुगर नाही, पण हार्ट कमजोर. पंपिंग ३५ टक्के.

सुरुवातीला मीही फुकटातलं बघितलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, बीपी कळेल, असं एक ॲप. त्यानं आधी वय, उंची, वजन विचारलं आणि मग सांगितलं १२१/७९. आमच्याकडं गेजवर शंका आली की एकच पीस पुन्हा पुन्हा मोजून बघतात, तसं ह्यालाही बघितलं. खुर्चीत बसून १२१/७९. तीन मजले पळत चढून आलो, छाती धडधडतेय, तरी १२२/७९. त्याच दिवशी काढून टाकलं. फ्लॅशचा उजेड बोटातून कॅमेऱ्याकडं परत येतो आणि दर ठोक्याला रक्त भरलं की तो किंचित कमी होतो. त्यावरून ठोके मोजता येतात, बऱ्यापैकी बरोबर. दाब हे वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं असंच ॲप लाखावर लोकांनी विकत घेतलं होतं. २०१६ मध्ये त्याच्या तपासणीचा निकाल छापून आला, तर ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं त्यांतल्या दहापैकी जवळजवळ आठ जणांना ते नॉर्मल दाखवत होतं. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ही त्याच्या पुढची थाप. ती वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर बजावलंय. चांगल्या घड्याळातला ईसीजी ठोक्यांची अनियमितता पकडू शकतो, हार्ट अटॅक पकडू शकत नाही. छातीत दुखायला लागलं तर घड्याळ बघत बसायचं नाही, गाडी बघायची.

म्हणजे मशीन वेगळं घ्यायला लागतं. बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं. घेताना दंडाचा घेर मोजून घ्या, पट्टा लहान पडला तर बीपी जास्त दाखवतं. आमच्या आईचं एकदा १६८/९४ आलं आणि मी इकडं काम सोडून बोंब मारली. नंतर कळलं, गोठ्यातून आली, चहा प्याली आणि उभ्याउभ्या पट्टा बांधला. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं. असं केल्यावर तिचं १३८/८४ यायला लागलं. शुगरच्या मशीनचंही लक्षात ठेवा, नियमाप्रमाणं त्यात १५ टक्के इकडंतिकडं चालतं. खरी २०० असेल तर १७५ काय आणि २२५ काय, मशीन बिघडलेलं नाही. आमच्या कामात एवढा टॉलरन्स दिला तर माल परत येईल, पण घरच्या वापराला ठीक आहे. एका आकड्यावर भांडू नका, आठवड्याचा कल बघा.

सगळ्यात उपयोगी पडला तो मात्र साधा वजनकाटा. हार्ट कमजोर असलं की अंगात पाणी साठतं आणि ते पायाला सूज दिसायच्या आधी वजनात दिसतं. आप्पांच्या डॉक्टरांनी एकच नियम लिहून दिला: तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांवर. गेल्या श्रावणात ६१.२, मग ६१.९, मग ६२.७, मग ६३.४. आप्पांना विचारलं तर म्हणाले, “काय नाही रे, जेवान बरं लागालंय.” डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लघवीची गोळी पाच दिवसांसाठी वाढवली, मधे रक्त तपासायला लावलं, वजन ६१.५ ला आलं. आदल्या वर्षी हेच झालं तेव्हा काटा नव्हता, चार दिवस आयसीयूत काढले. गोळी आपल्या मनानं कमीजास्त करू नका, मीही करत नाही.

ह्या विषयावर पुढं थोडं वाचलं. हार्ट फेल्युअरच्या १६५३ पेशंटांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. रोज फोन करून आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला वजन आणि त्रास सांगायचा. फरक काहीच पडला नाही. सातातल्या एकानं तर ती कधी वापरलीच नाही. २०१८ ची जर्मनीतली चाचणी १५०० हून जास्त पेशंटांची. तिथं मशीनं घरी आणि पलीकडं चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले. मृत्यूही कमी झाले, दवाखान्यात घालवलेले दिवसही. दोन्हींतले पेशंट सारखे नव्हते, हे खरं. पण मला त्यातून समजायचं ते समजलं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण तुम्हीही हीच कराल.

पहिलं वर्षभर मी आकडा बघून आईला फोन करायचो. १९० आली की काय खाल्लीस? २४० आली की परत भात? पुण्याहून भाऊ पण सुरू. पुढं आकडे सुधारत गेले. म्हाळाच्या पंधरवड्यात तर रोज कुणाच्या तरी घरी जेवण, तरी ११२, १०४, १०८. मी खुश, ॲपमधला ग्राफ भावाला पाठवला. महिन्याभरानं लॅबमधून तीन महिन्यांची शुगर काढली तर एचबीएवनसी ९.१. म्हणजे सरासरी २१४ च्या आसपास. मशीनमध्ये १५ टक्के फरक ठीक, दुपटीचा कसा येईल? मशीन बदललं, स्ट्रिपांची तारीख बघितली. शेवटी रविवारी गावी गेलो आणि सकाळी चुलीपाशी बसून बघत राहिलो. आईनं स्ट्रिप लावली, आणि आप्पांनी मुकाट्यानं आपलं बोट पुढं केलं.

मी काय बोलणार? तीच म्हणाली, “रोज उठून तू बोलालास, मग काय करू?”

तेव्हापासून नियम बदलला. आकड्यावरून मी तिला फोन करत नाही. डॉक्टरांनी तिच्यासाठी मर्यादा लिहून दिल्यात, त्या मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर आहेत: ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, लागोपाठ दोनदा ३०० च्या वर गेली तर मला फोन, मग मी डॉक्टरांना. मधलं सगळं डॉक्टर महिन्यातून एकदा बघतील. तुमच्या आईवडिलांचे आकडे वेगळे असतील, ते त्यांच्याच डॉक्टरांकडून घ्या.

ॲपचं म्हणाल तर आईच्या फोनमध्ये ॲप नाहीच. मेनू इंग्रजी, दुसरी भाषा दिलीच तर हिंदी नाहीतर कन्नड, आणि तिची शाळा मराठी चौथीपर्यंत. शेजारची पोर मशीनच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते, आकडे मी माझ्या फोनमध्ये भरतो. ब्लूटूथवाली मशीनं आपोआप आकडा पाठवतात, पण त्यालाही तिकडं नेट लागतं. जुलैत आमच्या बाजूला लाइट जाते, मागोमाग टॉवर जातो आणि दोन दोन दिवस काहीच येत नाही. आकडा आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. अशा वेळी गावातल्या कुणाला तरी घरी जाऊन बघून यायला सांगायचं, ते नाव आजच ठरवा. १०८ ला फोन करून घराचा पत्ता कन्नडमध्ये कसा सांगायचा, ह्याची मी आईकडून दोनदा उजळणी करून घेतलीय.

घ्यायचंच असेल तर ज्या कंपनीचं मशीन घ्याल तिचंच ॲप घ्या. नोंदींचा कागद काढून डॉक्टरांना दाखवता आला पाहिजे, एवढंच बघा. वजनाची नोंद ठेवायला कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज वाचायची परवानगी कशाला लागते? मागितली तर ते ॲप ठेवू नका. शुगर मुळासकट घालवतो अशी जाहिरात आत दिसली तर नक्कीच ठेवू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दंडावर चौदा दिवस चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो फोनवर आकडे दाखवतो. महाग आहे, नुसत्या गोळ्यांवर असलेल्याला सहसा लागत नाही.

परवाचा आईचा फोटो २१२ चा होता. खाली आवाजाचा मेसेज: “काल लग्नात मांडा खाल्लो. अर्धाच. बोलू नको आता.”